ब्रूडरमधलं एक पिल्लू मलूल, मागे शिट चिकटलीय. औषध सुरू करू का?

मेथीची_भाजी (रात्री ९:१२)
पारोळ्याजवळून विचारतेय. घरच्या ब्रूडरमध्ये (ऊब द्यायच्या खोक्यात) वनराजा जातीच्या कोंबडीची १२ पिल्लं, आज सहावा दिवस. खोका पुठ्ठ्याचा, साधारण ३ बाय २ फूट, उंची दीड फूट. वर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, खाली वर्तमानपत्र. तापमापक खोक्याच्या आतल्या भिंतीला चिकटवलाय, आत्ता ३४ दाखवतोय. खायला चिक स्टार्टर. लस अजून दिलेली नाही.
एक पिल्लू सकाळपासून पंख पाडून, डोळे मिटून उभं आहे. मागे पांढरट शिट वाळून गोटी झालीय. बाकीची ११ खातात-पितात. पाण्यात हळद घातलीय. दुकानदाराने अँप्रोलियमची पुडी दिली, "सगळ्यावर चालतं" म्हणाला. सुरू करू का?

कळण्याची_भाकर (९:२०)
पुडी बाजूला ठेवा ताई. आधी पिल्लाचे पाय तुमच्या गालाला लावून बघा. गार लागतात का?

मेथीची_भाजी (९:२४)
हो, गार आहेत. बाकीच्यांचे कोमट आहेत.

अहिराणी_आप्पा (९:२६)
आधी ऊब, मंग पानी, मंग दाना. दवाई शेवटले देखूत.

तापीकाठ (९:४१)
आप्पांनी एका ओळीत सगळं सांगितलं, मी जरा फोडून सांगतो. आज रात्रीपुरतं एवढंच करा.

पिल्लू वेगळं काढा, पण ब्रूडरच्या बाहेर नको. बुटाचा खोका घ्या, एका बाजूला मोठी खिडकी कापून तिथे जाळी लावा आणि तो ब्रूडरमध्येच बल्बच्या जवळ ठेवा. एकटं पडलं की पिल्लू ओरडून ओरडून दमतं. जाळीतून बाकीची दिसली की गप्प बसतं, आणि कुणी टोचतही नाही.

गार पिल्लाच्या तोंडात काहीही घालू नका. अंग थंड असताना पोटाचं काम बंद असतं, घातलेलं तिथेच राहतं. पाण्याची अर्धा लिटरची बाटली कोमटापेक्षा थोड्या गरम पाण्याने भरा, हाताला सहज धरवेल इतकीच, सुती फडक्यात गुंडाळा आणि पिल्लाला टेकवून ठेवा. तासा-दीड तासाने पाणी बदला, कारण निवलेली बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते. अर्ध्या-पाऊण तासात पाय कोमट झाले पाहिजेत.

मग मागची बाजू. ओढून काढायची नाही. खाली कातडी अगदी पातळ असते, शिटेबरोबर पिसं आणि कातडी दोन्ही निघतात. कापूस कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन मिनिटं नुसता धरून ठेवायचा. गोटी मऊ झाली की पुसून घ्यायची, उरली तर परत भिजवायची. पिल्लू नळाखाली धरू नका, कंबरेच्या वर ओलं झालं तर गारठ्यानेच जाईल. नंतर फडक्याने टिपून, बाटलीशेजारी पूर्ण कोरडं होऊ द्या आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल अगदी बोटाचं टोक माखेल एवढंच लावा.

मग पाणी. एक वाटी कोमट पाण्यात लहान चमचाभर गूळ विरघळवून गाळून घ्या. ड्रॉपरने थेंब चोचीच्या कडेला टेकवा, ते स्वतः ओढून घेईल. चोच उघडून आत पिचकारी मारायची नाही, ते पाणी श्वासनळीत जातं. दर १५-२० मिनिटांनी पाच-सहा थेंब, दोन तास. खाणं त्यानंतर.

शेवभाजी (९:४४)
हळद घातली, गूळ सांगितला. आता कुणी मीठ-मिरची सांगू नका, पिल्लाची आमटी व्हायची.

सातपुड्याचा_वारा (९:४९)
@तापीकाठ, एक राहिलं. साफ करताना बेंबी आणि गुद यात गल्लत होते. बेंबी पोटाच्या बाजूला असते, तिथे वाळलेली काळी खपली किंवा दोऱ्यासारखं काही लोंबत असतं. ती शिट समजून ओढली की आतलं बाहेर येतं आणि मग काही उपाय नाही. गुद शेपटीच्या लगेच खाली. उजेडात बघून मगच हात लावा.

भरीत_पार्टी (९:५५)
एवढा पसारा कशाला? ब्रँडीचा एक थेंब पाण्यात द्या, पिल्लू उठून पळतं. गावाकडे हाच उपाय. आमच्या डोंगराकडच्या भागात तर मोहाची.

गुरांचा_डॉक्टर (१०:०३)
भरीतभाऊ, पळतं ते घटकाभरच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. एवढ्याशा जिवाला थेंबसुद्धा भरपूर होतो. ती बाटली भरताबरोबरच राहू द्या.

अँप्रोलियमबद्दल. ते औषध कॉक्सिडिओसिसवर, म्हणजे आपण रक्ती हगवण म्हणतो त्यावर आहे. तो परजीवी पोटात गेल्यावर आतड्यात वाढून बाहेर पडायला चार ते सात दिवस घेतो, म्हणून पहिल्या दहा दिवसांत हा आजार सहसा दिसत नाही. जोर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. सहा दिवसांच्या पिल्लाला गुद चिकटलंय आणि पाय गार आहेत तर तो गारठा समजायचा, नाहीतर पाणी कमी पडलंय. त्यावर अँप्रोलियमचा काडीचा उपयोग नाही.

पुडी फेकू नका, पुढे लागेल. त्यावर किती टक्के लिहिलंय ते बघून सांगा. आणि बाकीच्या ११ पैकी आणखी कुणाची मागची बाजू चिकटलीय का तेही उचलून बघा. एकाचीच असेल तर व्यवस्थेचा दोष. तीन-चारांची असेल, खडूसारखी पांढरी शिट असेल आणि रोज एखादं मरत असेल तर ती पांढरी हगवण, पुलोरम. ती आईकडून अंड्यातून येते आणि तिचा हिशोब वेगळा.

मेथीची_भाजी (१०:२०)
सगळी उचलून बघितली. एकाची किंचित ओली आहे, बाकी स्वच्छ. पुडीवर २०% लिहिलंय. पिल्लू बाटलीला टेकवलंय.

कळण्याची_भाकर (१०:२६)
ताई, तापमापक जमिनीपासून किती उंच आहे? आणि खोका नुसत्या फरशीवर आहे की खाली काही घातलंय? बल्ब कागदापासून किती वर?

तापीकाठ (१०:२९)
कळण्याने नेमकं विचारलं. सध्या आपल्याकडे दुपारी अंगावर शर्ट नको होतो आणि पहाटे गोधडी पुरत नाही. दुपारी बघितलेलं तापमान रात्री कामाचं नाही. पहाटे ४-५ ला एकदा उठून मोजा. तापमापक कागदावर आडवा ठेवायचा, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, एकदा बल्बच्या बरोबर खाली आणि एकदा कोपऱ्यात. दर वेळी १५ मिनिटं थांबून वाचायचं. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, खोलीचा घ्या.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, म्हणजे ९५ फॅरनहाइट. मग दर आठवड्याला तीन अंश कमी : दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. कोपरा थंडच असू द्या, पिल्लांना जागा निवडता आली पाहिजे.

वांग्याचं_शेत (१०:४०)
आकड्यापेक्षा पिल्लं काय करतात ते बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिव करत असतील तर थंडी. बल्बपासून लांब, पंख पसरून, चोच उघडी म्हणजे गरम होतंय. सगळी एकाच बाजूच्या भिंतीला चिकटली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय. पसरून, पाय ताणून, कुशीवर पडून झोपली की सगळं ठीक. नवीन माणूस हे बघून घाबरतो, मेली म्हणून हलवतो.

शेवभाजी (१०:४४)
लग्नात दुपारच्या जेवणानंतर मांडवात पाहुणे पडतात ना, बरोबर तसंच दिसलं पाहिजे.

केळीचं_पान (१०:५८)
धाग्यात घुसतोय, माफ करा. रावेरकडून. आमच्याकडे तीन दिवसांच्या एका पिल्लाचे पाय दोन बाजूला फाकलेत, बसताच येत नाही. तेही काढून टाकायचं का?

सातपुड्याचा_वारा (११:०७)
काढू नका, तीन दिवसांचं आहे तर बहुतेक वेळा सुधारतं. आठवडा उलटला की हाडं त्याच आकारात घट्ट होतात. खाली वर्तमानपत्र आहे ना? गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, हे त्याचंच फळ. आधी कागदावर खरबरीत गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला.

मग मायक्रोपोर किंवा बँडएडची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. दोन्ही पायांना टाचेच्या वर सैलसर वेढा, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर अंतर राहील असं इंग्रजी आठसारखं बांधा. पाय बरोबर अंगाखाली यायला हवेत. बोटं निळसर झाली किंवा सुजली तर पट्टी घट्ट झालीय. रोज सोडून बघा, तीन ते पाच दिवस पुरतात. पट्टी असताना पाण्याचं भांडं अगदी उथळ ठेवा, ते तोंडावर पडलं तर स्वतःहून उठत नाही.

बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर गोष्ट वेगळी. ती बी-२ जीवनसत्त्वाची, रायबोफ्लेविनची कमतरता, तिथे बी-कॉम्प्लेक्स द्यावं लागतं.

केळीचं_पान (११:१०)
हो, वर्तमानपत्रच आहे. गोणपाट घालतो.

वांग्याचं_शेत (११:१५)
वर्तमानपत्राचं हे खूळ कुणी काढलं कळत नाही. पहिले एक-दोन दिवस खाद्य दिसावं म्हणून वर अंथरतात, त्याखाली तूस असतं. सहाव्या दिवशी नुसता कागद म्हणजे पाय घसरतात, ओल धरून राहते आणि खालचा गारवा थेट पोटाला लागतो.

भरीत_पार्टी (११:२१)
तूस आमच्याकडे कुठे मिळणार? इथे कापूस आणि केळी.

वांग्याचं_शेत (११:३०)
नवापूरकडे भात होतो, तिकडच्या राईस मिलमध्ये मिळतं. नाहीतर भुईमुगाची टरफलं बारीक कुटून, किंवा सुताराकडचा रंध्याचा भुसा, म्हणजे सालपटं. करवतीचं पीठ नको, पिल्लं ते दाणा समजून खातात आणि अन्नपिशवी तुंबते. थर दोन इंच. टरफलं घेताना मूठभर नाकाजवळ धरा. कुबट वास आला तर अंथरू नका. बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात तो, आणि त्याला औषध नाही. मक्याचंही तेच. ओला मका पोत्यात भरून ठेवला आणि तोच भरडून घातला तर बुरशीच्या विषाने यकृत जातं.

मेथीची_भाजी (पहाटे ४:५०)
उठले. पिल्लू जिवंत आहे, पाय कोमट आहेत, थेंब ओढून घेतंय. रात्री एकदा पातळ शिट केली.
आता आकडे : भिंतीवरचा ३३. कागदावर बल्बखाली २७. कोपऱ्यात २१. खोका शहाबादी फरशीवर, खाली काही नाही. तापमापक कागदापासून ९ इंच वर होता. बल्ब २० इंचावर. सगळी पिल्लं गठ्ठा करून बसलीत.

कळण्याची_भाकर (सकाळी ६:१५)
झालं, निदान सापडलं. तापमापक बल्बची हवा मोजत होता आणि पिल्लं फरशीवर बसली होती. हे दुबळं होतं, त्याने आधी मान टाकली. बाकीची ११ पण त्याच रांगेत आहेत.

खोका उचलून खाली थर्माकोलची शीट किंवा दुहेरी गोणपाट घाला, शक्य असेल तर लाकडी पाटावर ठेवा. आत दोन इंच टरफल किंवा तूस. बल्ब १२ ते १४ इंचावर आणा, १५ मिनिटांनी परत मोजा, एकेक इंच हलवत ३५ वर आणा. वरून दोन-तृतीयांश भाग सुती चादरीने झाका, बल्बला लागणार नाही अशी. एक तृतीयांश उघडा ठेवायचाच, नाहीतर अमोनिया कोंडतो. खोक्यात पिल्लांच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. डोळ्याला झोंबलं तर त्यांना दिवसभर झोंबतंय.

आणि बल्ब वायरवर लटकवू नका. होल्डरला तार बांधून वरच्या आडव्या काठीला अडकवा. पुठ्ठा आणि तापलेला बल्ब यांच्यात वीतभर तरी अंतर हवं.

शेवभाजी (६:३१)
६० वॅटचा पिवळा बल्ब अजून मिळतो? आमच्या दुकानात विचारलं तर ९ वॅटचा एलईडी हातात दिला, "तेवढाच उजेड पडतो" म्हणाला.

तापीकाठ (६:४०)
उजेड पडेल, ऊब नाही पडणार. साधा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, म्हणून तर तो बाद झाला आणि म्हणूनच आपल्याला हवा. साधा हिशोब : एका पिल्लाला उन्हाळ्यात एक वॅट, थंडीत दोन. पण घरच्या लहान खोक्यात पिल्लं कमी असल्याने एकमेकांची ऊब कमी मिळते, म्हणून बारालाही ६० लागतो. पहाटे कमी पडला तर ४० चा दुसरा जोडा, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. २५० वॅटचा इन्फ्रारेड या खोक्यात लावू नका, तो शे-दीडशे पिल्लांचा आहे.
लोडशेडिंगसाठी गरम पाण्याच्या दोन बाटल्या तयार ठेवा. बंद खोलीत शेगडी नको, कोळशाच्या धुराने पिल्लंही जातात आणि माणसंही.

भुसावळची_दुपार (७:०५)
हे सगळं थंडीचं झालं. मे महिन्यात हाच खोका आमच्याकडे उलटा वागतो. बाहेर ४५ असताना दिवसा बल्ब बंदच ठेवायचा, रात्री बघून लावायचा. आणि जास्त गरम झालं तरीही गुद असंच चिकटतं, कारण पिल्लाच्या अंगातलं पाणी आटतं. गुद चिकटलं की "अजून ऊब द्या" असं डोळे मिटून करू नका, आधी मोजा. कूलरच्या झोतात तर खोका कधीच नको. एका बाजूने गार वारा, दुसऱ्या बाजूने दमट झालेलं तूस. त्या ओलीतच पुढे रक्ती हगवण येते.

मेथीची_भाजी (७:४०)
थर्माकोल आणि टरफलं घातली, बल्ब १३ इंचावर. कागदावरचे २७ होते तिथे आता ३४. पिल्लं पसरली! आजारी पिल्लाला खायला काय देऊ? हळदीचं पाणी ठेवू की काढू? आणि बी-कॉम्प्लेक्स घरात आहे, ते अँप्रोलियमबरोबर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर (८:१०)
हळदीचं पाणी काढा. विष नाही, पण कडवट चवीने पाणी कमी पितात आणि नेमकं तेच आत्ता नकोय. साधं कोमट पाणी ठेवा. आजारी पिल्लाला आजचा दिवस माणसांचं ओआरएस, पण एक लिटरची पुडी दोन लिटर पाण्यात. पिल्लाच्या मूत्रपिंडाला जास्त मीठ झेपत नाही. केलेलं पाणी २४ तासांत फेका. भांडं उथळ आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, मलूल पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

खाणं : स्टार्टर कोमट पाण्यात कालवून मऊ लापशी, जेवढी पंधरा मिनिटांत संपेल तेवढीच. सोबत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक हरभऱ्याएवढा कुस्करून. तासाभरात उचलून टाका, आंबतो. पुढच्या वेळी भरवण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपा. आधीचं रिकामं झालं नसेल तर नवीन देऊ नका. आणि गोणीवर लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य नाही ना ते वाचा. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात.

बी-कॉम्प्लेक्स आत्ता द्या, लिटरला किती ते बाटलीवर आहे. पण अँप्रोलियमबरोबर कधीच नाही. अँप्रोलियम बी-१ सारखं दिसतं, परजीवी त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही खरं बी-१ दिलंत तर तो वाचतो. पुढे कधी रक्ताची शिट दिसली तर २०% पावडर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, तेवढंच पाणी प्यायला, रोज ताजं. त्या काळात बी-कॉम्प्लेक्स बंद, कोर्स संपल्यावर सुरू. चमच्याने मोजू नका, सोनाराचा लहान काटा बघा किंवा दवाखान्यातून मोजून घ्या.

घाबरू नका असंही सांगतो : आठ-दहा शिटांमागे एक चॉकलेटी, चिकट, घाण वासाची असते. ती आंधळ्या आतड्यातली, नॉर्मल. लोक तीच रक्ताची समजून औषध चालू करतात.

शेवभाजी (८:१४)
पिल्लाला अंडं? म्हणजे स्वतःच्याच होणाऱ्या भावाला?

अहिराणी_आप्पा (८:२०)
तो बलक खाईसनच ते अंडामा मोठं व्हयनं, भो.

गुरांचा_डॉक्टर (८:२३)
आप्पांचं शास्त्र पक्कं आहे. फुटताना उरलेला बलक पोटात ओढून घेतात, त्यावर दोन-तीन दिवस काढतात. तोच बलक सडला तर बेंबीचा आजार. पोट फुगलेलं, मऊ, निळसर, बेंबी ओली आणि दुर्गंधी. पहिल्या आठवड्यातच दिसतो. त्यात वाचवायची आशा फार ठेवू नये, हॅचरीतली किंवा रवणाखालची (अंडी उबवणाऱ्या कोंबडीखालची) अस्वच्छता हे कारण. ताई, तुमच्या पिल्लाची बेंबी कोरडी आहे ना?

मेथीची_भाजी (८:३०)
कोरडी आहे, वास नाही.

भरीत_पार्टी (८:४५)
बाजारात रंगीत पिल्लं विकतात, गुलाबी-हिरवी. ती तर दोन दिवसांत मरतात. तोही गारठाच का?

सातपुड्याचा_वारा (८:५५)
बराचसा. ती अंड्याच्या जातीचे नर असतात, हॅचरीला नको असलेले. रंगवताना ओले होतात, मग दिवसभर उघड्या टोपलीत, पाणी नाही, लस नाही. मुलांसाठी घेतलीच तर घरच्या पिल्लांत मिसळू नका, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आणि मुलांनी पिल्लू गालाला लावलं, तोंडाजवळ नेलं तर साबणाने हात-तोंड धुवायला लावा. साल्मोनेला माणसालाही लागतो.

केळीचं_पान (९:३०)
लसीचं कुणी बोललंच नाही. सातव्या दिवशी मानमोडीची लस ना? आजारी पिल्लाला द्यायची का?

गुरांचा_डॉक्टर (१०:००)
मलूल पिल्लाला नाही, ते नीट खायला लागल्यावर. बाकीची आज पसरून झोपली, खायला लागली तर एक-दोन दिवसांनी द्या. गारठलेल्या पिल्लाला लस देऊन उपयोग नाही, ताकद दुसरीकडे खर्च होत असते.
क्रम असा : पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस, म्हणजे लासोटा किंवा एफ स्ट्रेन, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो या आजाराची. चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटा परत. देवीची लस सहाव्या आठवड्यात. मारेक्स या आजाराची पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात, घेताना विचारा.
कुपी कमीत कमी शंभर डोसची असते, म्हणून चार घरांनी मिळून घ्या. दुकानापासून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्ये, शर्टच्या खिशात नाही. कालवल्यावर दोन तासांत संपवायची. पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, लस मरते.

शेवभाजी (१०:०८)
म्हणजे लसीला बर्फ आणि पिल्लाला बल्ब. उलटं केलं की दोन्ही गेले.

भुसावळची_दुपार (१०:२०)
अँटिबायोटिकचं पण सांगा डॉक्टर. दुकानदार हमखास देतो.

गुरांचा_डॉक्टर (१०:४१)
गुद चिकटलं, पाय फाकले, गारठा, यांपैकी कशालाच अँटिबायोटिक लागत नाही. कोलिस्टिन तर २०१९ पासून कोंबड्यांना आणि जनावरांना द्यायला बंदी आहे, जुना साठा कुणी दिला तर घेऊ नका. खरंच जंतूचा आजार वाटला तर १९६२ ला फोन करा, पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री आहे, किंवा मेलेलं पिल्लू तालुक्याच्या दवाखान्यात न्या. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, बर्फावर, त्याच दिवशी. फ्रीजरमध्ये गोठवलं तर आतलं काही कळत नाही.

एका दिवसात बरीच मेली, मान वळली, हिरवी शिट, डोकं सुजलं तर स्वतः काही करू नका, कापू नका, विकू नका, आधी कळवा. नवापुरात २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि २०२१ मध्ये तिथेच परत आला. तिथल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

वांग्याचं_शेत (११:०२)
एक बारीक पण महत्त्वाचं. रात्री आजारी पिल्लाजवळ गूळ सांडलाय ना? लाल मुंग्या. मलूल पिल्लू हलत नाही, डोळ्याच्या कडेपासून सुरुवात करतात. ज्या पाटावर खोका आहे त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, गुळाचे थेंब ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि घूस पुठ्ठा एका रात्रीत फोडते, बाहेरून जाळी हवी.

मेथीची_भाजी (संध्याकाळी ६:१५)
मुंग्या खरंच होत्या, दोन-चार. वाट्या लावल्या. पिल्लाने लापशी स्वतः टोचली, तीन वेळा शिट केली, दोनदा पातळ, आता जरा बांधून. मागे परत थोडी चिकटली होती, भिजवून काढली. आता बाकीच्यांत सोडू?

कळण्याची_भाकर (६:३२)
आज नको. शिट सलग एक दिवस बांधून आली आणि भिजवायची गरज पडली नाही की मग. सोडताना दिवसा सोडा, रात्री नाही, म्हणजे टोचाटोची दिसेल. आधी दोन शांत पिल्लं त्याच्या जाळीच्या खोक्यात अर्धा तास टाका, मग तिघांना एकत्र बाहेर काढा. मागची बाजू लालसर असेल तर बाकीची तिथेच टोचतात, म्हणून त्यावर हळदीचा लेप लावा, रंग झाकला जातो.

शेवभाजी (६:३५)
शेवटी हळद कामी आलीच.

तापीकाठ (६:५०)
आणि उद्या आठवडा पूर्ण. बल्ब लगेच वर नेऊ नका, आजाऱ्यासाठी अजून तीन-चार दिवस ३४-३५ राहू द्या. बाकीच्यांना गरम वाटलं तर ती कोपऱ्यात जातील. उद्या पहाटे परत ४ ला एकदा मोजा, थर्माकोलवर कोपऱ्यात किती भरतंय ते लिहा.

मेथीची_भाजी (पहाटे ४:१०)
बल्बखाली ३४, कोपऱ्यात २७. बाहेर ११. कुशीवर पडलीत सगळी, मांडवातल्या पाहुण्यांसारखी. आजारी पिल्लू जाळीला टेकून झोपलंय, पलीकडून एक त्याला टेकलंय.